मालकी, ताबा आणि वहिवाट : संगणकीय खेळांच्या तीन डिजिटल दुकानांचा तौलनिक इतिहास

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने संमत केलेल्या एका लहानशा कायद्यावर राज्यपालांची सही झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आला. या कायद्याचा विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे; तो एका क्रियापदाच्या वापरासंबंधीचा आहे. संगणकाच्या पडद्यावरील ज्या बटणाने ग्राहक एखादे पुस्तक, चित्रपट किंवा खेळ घेतो, त्या बटणावर ‘विकत घ्या’ असे शब्द घालावयाचे असतील, तर ग्राहकाच्या पदरात मालकी पडत नसून केवळ परवाना पडतो आहे, हे विक्रेत्याने उघडपणे सांगितले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. त्याला अपवाद आहेत. त्यांतील एक असा : जी वस्तू ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते, इंटरनेटचा संबंध न ठेवता वापरता येते आणि जी पुढे विक्रेत्याला काढून घेता येत नाही, तिला हे बंधन नाही. एखाद्या विधिमंडळाने क्रियापदाच्या अर्थव्याप्तीसाठी कायदा करावा, ही घटना भाषेच्या अभ्यासकास सहसा पाहावयास मिळत नाही. तिच्या मागे सुमारे वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो प्रामुख्याने वैयक्तिक संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या डिजिटल दुकानांचा इतिहास आहे.

या दुकानांची तुलना सामान्यतः किंमत, मालाची विपुलता व सोय या तीन अंगांनी केली जाते. ती तुलना निरुपयोगी आहे असे नाही. पण तीत दुकानांमधील खरा भेद निसटतो. ग्राहकाने पैसे मोजल्यानंतर त्याच्या हाती नेमके काय येते, हा प्रश्न विचारला म्हणजे तो भेद दिसू लागतो. येथे मराठीच्या व्यवहारभाषेतील तीन जुने शब्द आपल्या उपयोगी पडतात : मालकी, ताबा आणि वहिवाट. शेतजमिनीच्या तंट्यांत या तिहींची गफलत करणारा मनुष्य दावा हरतो, हे खेड्यातील कोणाही वृद्धास ठाऊक असते. जमीन एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याकडे आणि तीतून जाणारी वाट तिसऱ्याच्या वहिवाटीची, असे आपल्याकडे नित्य घडते. पहिले दोन शब्द फारसीच्या मार्गाने आलेले, मुळात अरबी. परंतु ते आपल्या भाषेत इतके रुजले आहेत की इंग्रजीत ज्या ठिकाणी एकाच ‘बाय’ या शब्दाखाली निरनिराळे व्यवहार झाकले गेले, त्या ठिकाणी मराठी वाचकास ते वेगळे करून पाहणे कठीण जाऊ नये.

छापील पुस्तकाच्या बाबतीत हा प्रश्न फार पूर्वी निकालात निघाला होता. अमेरिकेत एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीच्या प्रतीत, एक डॉलरहून कमी किमतीस ही प्रत कोणी विकू नये, अशी सूचना छापली. एका मोठ्या दुकानाने ती धुडकावून लावली. आणि १९०८ मध्ये बॉब्स-मेरिल विरुद्ध स्ट्राउस या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने कौल दिला. प्रकाशकाचा हक्क पहिल्या विक्रीबरोबर संपतो; त्यापुढे त्या प्रतीचे काय करावयाचे ते प्रत घेणारा ठरवील, हे त्यातील तत्त्व. जुन्या पुस्तकांचा जगभरचा व्यापार, ग्रंथालये, एकमेकांस पुस्तके देणे-घेणे हे सर्व याच तत्त्वावर उभे आहे. खोक्यात येणारे संगणकीय खेळही प्रारंभी याच रीतीने हाताळले गेले. तबकडी मित्रास देता येत असे, विकता येत असे, कपाटात पडून राहिली तरी वीस वर्षांनी लावून पाहता येत असे. करारनाम्यात ‘परवाना’ हा शब्द तेव्हाही होता, हे खरे. आणि २०१० मध्ये व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अमेरिकेतील नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने त्या शब्दाला पूर्ण वजन देऊन, सॉफ्टवेअरची जुनी प्रत पुन्हा विकण्यास मनाई करणारा करार ग्राह्य ठरविला. पण खोके घरी असेपर्यंत करारातील शब्द व हातातील वस्तू यांत विरोध आला, तरी व्यवहारात वस्तूचाच जय होत असे. तो विरोध शब्दाच्या बाजूने प्रत्यक्षात संपविण्याचे काम दुकानाच्या नव्या यंत्रणेने केले.

ही यंत्रणा म्हणजे ‘स्टीम’. व्हॉल्व्ह ही संस्था १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल व माइक हॅरिंग्टन यांनी वॉशिंग्टन राज्यात स्थापन केली आणि १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ या खेळाने ती नावारूपास आली. स्टीमची घोषणा मार्च २००२ मध्ये झाली, व १२ सप्टेंबर २००३ रोजी ते सर्वांसाठी खुले झाले. आज आपण ज्यास दुकान म्हणतो ते आरंभी दुकान नव्हतेच, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा अनेकांनी एकत्र खेळावयाचा खेळ तेव्हा भरास होता. त्यात एखादी दुरुस्ती करावयाची म्हटली की प्रत्येक खेळाडूने ती स्वतः शोधून उतरवून घ्यावयाची, आणि तोपर्यंत जुनी व नवी आवृत्ती परस्परांशी जुळत नसल्यामुळे खेळाडूंचा मोठा वर्ग बाहेर पडलेला, अशी स्थिती होई. दुरुस्त्या आपोआप पोहोचविणे आणि लबाडी करणाऱ्यास अडविणे, हे स्टीमचे पहिले काम होते. म्हणजे ग्राहकाच्या संगणकाशी अखंड संबंध ठेवणे हा स्टीमचा जन्मस्वभाव आहे. विक्री मागाहून आली. या संबंधातून जे चांगले निघाले ते आणि जे चिंताजनक निघाले तेही एकाच मुळाचे आहे.

दुसरे कारण व्यापारी होते. व्हॉल्व्हचे खेळ सिएरा या प्रकाशनसंस्थेमार्फत, आणि पुढे तिच्या मालक व्हिव्हेंडीमार्फत, बाजारात येत. ऑगस्ट २००२ मध्ये व्हॉल्व्हने सिएरावर दावा लावला. वादाचा एक मुख्य मुद्दा सायबर कॅफे हा होता : जेथे ताशी पैसे देऊन लोक खेळतात, अशा ठिकाणी खेळ पुरविण्याचा हक्क प्रकाशकाकडे आहे की निर्मात्याकडे? नोव्हेंबर २००४ मध्ये न्यायालयाने या मुद्द्यावर व्हॉल्व्हच्या बाजूने निर्णय दिला आणि एप्रिल २००५ मध्ये उभयतांत समेट झाला. दरम्यान १६ नोव्हेंबर २००४ रोजी ‘हाफ-लाइफ २’ प्रसिद्ध झाला. हा दिवस या इतिहासातील खरा संधिकाल मानावा लागेल. ज्याने दुकानात जाऊन तबकडीचे खोके विकत घेतले त्यालाही स्टीमवर खाते उघडून, इंटरनेटवरून संमती मिळवूनच हा खेळ सुरू करता येत होता. पहिल्या दिवशी व्हॉल्व्हची यंत्रणा गर्दीने कोलमडली, आणि घरात तबकडी असूनही लोक बाहेर तिष्ठत राहिले. तबकडी होती, पण तिचा ताबा निरर्थक झाला होता. २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयासमोर नेमका हाच खेळ आला. प्रत विकता येईल, पण खाते हस्तांतरित करता येणार नाही, अशी अट घालणे वैध आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. खात्यावाचून प्रत निरुपयोगी असल्याने पुनर्विक्रीचा हक्क कागदावर शाबूत राहिला आणि व्यवहारात मावळला.

योगायोग असा की त्याच महिन्यात, ५ नोव्हेंबर २००४ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात तयार सॉफ्टवेअरची प्रत ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ आहे, असा निर्णय दिला होता. पुस्तक काय, गाण्याची तबकडी काय, बौद्धिक निर्मिती एकदा माध्यमावर उतरली म्हणजे ती खरेदी-विक्रीची वस्तू होते, असा त्यामागील विचार. तबकडी हे वस्तुत्वाचे लक्षण म्हणून एका खंडात मान्य होत असताना दुसऱ्या खंडात ते लक्षण काढून घेतले जात होते.

स्टीमच्या करारनाम्याची भाषा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. त्याच्या नावातच ग्राहकास ‘सब्स्क्रायबर’ म्हटले आहे आणि त्याने पैसे देऊन घेतलेल्या खेळांना ‘सब्स्क्रिप्शन’. मराठीत सांगावयाचे तर दुकानाच्या दर्शनी फळीवर ‘विक्री’ लिहिले आहे व आत गेल्यावर आपण वर्गणीदार ठरतो. त्यातही आपला वर्गणीदार बरा. मासिकाचे जुने अंक तरी त्याच्या घरी राहतात! खाते दुसऱ्यास देता येत नाही, विकता येत नाही. तेव्हा मालकी नाही, आणि खऱ्या अर्थाने ताबाही नाही. आहे ती परवानगीने चालणारी वहिवाट.

ही वहिवाट मात्र वीस वर्षांत कोट्यवधी लोकांस हवीशी वाटली, आणि तिचे श्रेय केवळ ‘प्रथम आले’ या एका गोष्टीस देणे बरोबर होणार नाही. २००५ पासून स्टीमने इतरांचे खेळ घेण्यास आरंभ केला. ‘रॅग डॉल कुंग फू’ व ‘डार्विनिया’ हे त्यांतील पहिले. दुकान, वितरक आणि प्रकाशक या साखळीतून निर्मात्याच्या हाती जे उरत असे, त्या मानाने तीस टक्के वजा करून उरलेले सर्व देणारा हा दुकानदार त्या काळी उदार भासला. संगणक बदलला तरी सर्व संग्रह एका खात्यातून पुन्हा उतरवून घेता येणे, मोठ्या सवलतींचे हंगाम, वाचकांचे अभिप्राय, खेळाडूंनी केलेल्या फेरफारांची देवघेव, या सोयी एकामागून एक आल्या. चाचेगिरी हा किमतीचा नव्हे, सेवेचा प्रश्न आहे, असे मत न्यूएल यांनी २०११ मध्ये मांडले होते, ते या अनुभवावरच आधारलेले होते. विक्रीतून काढून टाकलेला खेळही आधी घेतलेल्यांच्या खात्यात बहुधा राहू दिला जातो, आणि स्टीमवरील कित्येक खेळ कोणत्याही कुलपावाचून चालतात, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु हे सर्व दुकानदाराच्या सौजन्याने चालते, ग्राहकाच्या हक्काने नव्हे. पैसे परत देण्याच्या बाबतीत हे सौजन्य किती उशिरा आले ते ऑस्ट्रेलियातील खटल्यावरून दिसते. तेथील ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये दावा लावला. जून २०१५ मध्ये स्टीमने, चौदा दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत घेण्याचा नियम जगभर लागू केला. आणि डिसेंबर २०१६ मध्ये तेथील न्यायालयाने तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड ठोठावला. आम्ही वस्तू विकत नाही, सेवा पुरवितो, हा व्हॉल्व्हचा युक्तिवाद त्या न्यायालयाने मानला नाही. ‘वस्तू’ या शब्दाच्या तेथील व्याख्येत सॉफ्टवेअर समाविष्ट आहे, हे त्याचे एक कारण.

दुसरे दुकान अगदी वेगळ्या भूमीत उगवले. मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की यांनी १९९४ मध्ये वॉर्सात सीडी प्रोयेक्ट ही संस्था काढली. पोलंडमध्ये समाजवादी राजवट संपून थोडीच वर्षे झाली होती, लेखाधिकाराचा नवा कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि तोवर खेळ मिळण्याची रूढ जागा म्हणजे उघड्यावर भरणारा नकली प्रतींचा बाजार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी त्याच दशकात तबकड्या धुंडाळल्या आहेत त्यांना त्या बाजाराचे निराळे वर्णन सांगावयास नको. तेथे कायद्याचा धाक घालून काही साधण्यासारखे नव्हते. मग नकलेपेक्षा अस्सल प्रत अधिक मोलाची कशी करावी, हा प्रश्न या संस्थेने स्वतःस विचारला, आणि त्याचे उत्तर तिने भाषेत शोधले. १९९९ मध्ये ‘बॉल्डर्स गेट’ हा प्रचंड मजकुराचा खेळ तिने संपूर्णपणे पोलिश भाषेत आणला. संवादांसाठी पिओत्र फ्रॉन्चेव्हस्की यांच्यासारखे नामांकित नट घेतले. खोक्यात चर्मपत्रासारखा नकाशा, संगीताची तबकडी, नियमांचे पुस्तक असे साहित्य घातले. त्या भाषांतरातील, प्रवासास निघण्यापूर्वी सोबती गोळा करण्यासंबंधीचे फ्रॉन्चेव्हस्कींच्या तोंडचे एक वाक्य पोलिश बोलण्यात म्हणीसारखे रूढ झाले आहे. बाजारातील चोरट्या प्रतीला या गोष्टींची सर आली नाही. भाषांतराकडे खर्चाची बाब म्हणून पाहणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

याच संस्थेने २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’, संक्षेपाने ‘गॉग’, हे दुकान उघडले. इंटरप्ले व कोडमास्टर्स या प्रकाशकांचे जुने खेळ, सहा किंवा दहा डॉलरांच्या आतबाहेर किंमत, नव्या संगणकावर चालतील अशी डागडुजी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणतेही कुलूप नाही. ग्राहकाने स्थापनेची फाइल एकदा उतरवून घेतली की दुकानाशी त्याचा संबंध संपला तरी चालेल. नकली प्रतींच्या बाजारात वाढलेल्या माणसांनी असे करावे हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्यांच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध होते. चोरट्या प्रतीला कुलूप नसतेच. मग कुलूप घालून शिक्षा कोणास होते? तर पैसे देणाऱ्यास.

या दुकानाच्या कामाचा एक भाग इतिहाससंशोधकाच्या कामासारखा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. जुन्या खेळाचा हक्क आज कोणाकडे आहे हे शोधून काढणे म्हणजे एखाद्या जुन्या वतनाचे कागद लावण्यासारखे आहे. ‘सिस्टिम शॉक २’ या १९९९ च्या खेळाचे उदाहरण घ्यावे. तो घडविणारी लुकिंग ग्लास ही संस्था २००० मध्ये बंद पडली. हक्कांचा एक भाग एका विमा कंपनीच्या हाती गेला. आणि अमेरिकेतील नाइट डाइव्ह या नव्या लहान संस्थेने त्या विमा कंपनीशी बोलणी करून गुंता सोडविल्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये तो खेळ गॉगवर पुन्हा मिळू लागला. मधली कित्येक वर्षे तो कायदेशीर मार्गाने कोठेही विक्रीस नव्हता. ‘फॉलआउट’ मालिकेचा प्रकार याच्या उलट. इंटरप्लेने तिचे हक्क २००७ मध्ये बेथेस्डाला विकले होते. जुन्या तीन खेळांच्या विक्रीचा अधिकार २०१३ च्या अखेरीस सरला, आणि ते गॉगच्या फळीवरून उतरले. २०१५ मध्ये ते परतले. मधल्या काळात ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्या फाइली त्यांच्या जवळच होत्या.

तथापि गॉगचे गुणगान करताना एका गोष्टीकडे डोळेझाक होते. त्याच्या करारातही शब्द ‘परवाना’ हाच आहे. कायद्याच्या दृष्टीने गॉगचा ग्राहक स्टीमच्या ग्राहकाहून अधिक मालक नाही. फरक आहे तो ताब्याचा. मराठेशाहीतील जमिनीच्या भाषेत सांगावयाचे तर मिरासदार दोघांपैकी कोणीच नाही, दोघेही उपरीच. फक्त एकाला हुसकावून लावता येते व दुसऱ्याला येत नाही. शिवाय दुकानात कोणता माल ठेवावयाचा याचा अधिकार गॉगनेही सोडलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘डिव्होशन’ हा तैवानी खेळ, ज्यात चीनच्या अध्यक्षांची थट्टा आढळल्यामुळे तो आधीच स्टीमवरून उतरला होता, गॉगवर येणार अशी घोषणा झाली आणि त्याच दिवशी ती मागे घेण्यात आली. ताबा विकत घेणाऱ्यास मिळतो. पण विकत घेण्याची संधी मिळेल की नाही, ते दुसरेच कोणी ठरवितात.

मधल्या काळात निघालेल्या व बुडालेल्या दुकानांची नावे सांगून पुढे जाऊ. मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’चा बाजार २०१३ मध्ये बंद झाला; त्याच्याशी जखडलेला ‘फॉलआउट ३’ त्यातून सुटण्यास २०२१ उजाडले. स्टारडॉकचे ‘इम्पल्स’ २००८ मध्ये निघाले, २०११ मध्ये गेमस्टॉपने घेतले, २०१४ मध्ये मिटले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०११ मध्ये ‘ओरिजिन’ काढून आपले नवे मोठे खेळ स्टीमपासून दूर ठेवले, २०१९ मध्ये ती स्वतःच स्टीमवर परतली, आणि ओरिजिनची जागा २०२२ मध्ये दुसऱ्या प्रणालीस देऊन २०२५ मध्ये ते मिटविले. आठ वर्षांच्या बहिष्काराचा हा शेवट स्टीमच्या बळाची साक्ष देतो. संग्रह जेथे आहे तेथेच ग्राहक राहतो. वहिवाट जितकी जुनी तितकी ती मोडणे कठीण.

तिसरे दुकान याच अनुभवास आव्हान देण्यासाठी निघाले. एपिक गेम्स ही १९९१ पासूनची संस्था. तिचे ‘अनरिअल’ हे खेळ घडविण्याचे यंत्र शेकडो निर्माते वापरतात. २०१७ च्या ‘फोर्टनाइट’ने तिला अमाप पैसा मिळवून दिला. डिसेंबर २०१८ मध्ये तिने दुकान उघडले, तेव्हा तिचे प्रमुख टिम स्वीनी यांचे म्हणणे एका आकड्यात सामावले होते : तीस टक्क्यांऐवजी बारा. व्हॉल्व्हने थोडेच दिवस आधी आपला दर एक कोटी डॉलरांपुढील विक्रीस पंचवीस आणि पाच कोटींपुढील विक्रीस वीस टक्क्यांवर आणला होता. म्हणजे सवलत मिळाली ती मोठ्यांना. एपिकचा दर लहानथोरांस सारखाच होता, आणि २०२५ मध्ये तिने प्रत्येक खेळाच्या दरवर्षीच्या पहिल्या दहा लाख डॉलरांवर काहीही न घेण्याचे ठरविले.

येथे ग्राहकाचे नाव कोठे येते? एपिकचे दुकान निर्मात्यास उद्देशून काढलेले आहे, हे त्याच्या उणिवांवरूनच कळते. एका वेळी अनेक वस्तू घेण्याची टोपलीसुद्धा तेथे डिसेंबर २०२१ पर्यंत नव्हती. ग्राहक आणावयाचा तर दोन उपाय : फुकट वाटप आणि एकाधिकार. ‘मेट्रो एक्सोडस’ हा खेळ स्टीमवर आगाऊ विकला जात असताना जानेवारी २०१९ मध्ये तेथून उचलून एपिककडे नेण्यात आला. अमेरिकेत त्याची किंमत दहा डॉलरांनी उतरली हे खरे, पण कमी अडतीचा लाभ ग्राहकाच्या किमतीपर्यंत पोहोचविण्याचा हा पायंडा पुढे पडला नाही. त्याचे एक कारण व्हॉल्व्हच्या बाजूस असल्याचा आरोप आहे. इतरत्र स्वस्त विकू नये असा दबाव स्टीम निर्मात्यांवर आणते, असा दावा वुल्फायर या संस्थेने २०२१ मध्ये लावला असून, नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो सर्व निर्मात्यांच्या वतीने चालविण्यास अनुमती दिली. फुकट वाटपाचा हिशेब मात्र एपिक व ॲपल यांच्या २०२१ मधील खटल्याच्या कागदांतून बाहेर आला. पहिल्या नऊ महिन्यांतील अडतीस फुकट खेळांसाठी एपिकने सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले आणि सुमारे ४९ लाख नवे ग्राहक मिळविले. दर ग्राहकामागे अडीच डॉलरांहूनही कमी. केवळ २०२० साठी निर्मात्यांना दिलेली किमान उत्पन्नाची हमी ४४ कोटी ४० लाख डॉलरांची होती. ॲपलच्या वकिलांनी हे आकडे तोट्याचा पुरावा म्हणून मांडले. प्रस्तुत लेखकास त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. जो खेळ फुकट मिळाला त्याच्यावर मालकी सांगण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. एपिकने वहिवाटीची कल्पना, स्टीमने केली नव्हती इतकी, स्वाभाविक करून टाकली. आणि स्पर्धेचा परिणाम म्हणावा तर मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी उपस्थित असलेल्यांची संख्या चार कोटींवर गेली.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर काही काळ निराळे येईल असे वाटले होते. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये युजडसॉफ्ट खटल्यात, कायमच्या परवान्याने उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकता येते, असा निर्णय दिला. त्याचा आधार घेऊन एका फ्रेंच ग्राहकसंघाने व्हॉल्व्हवर दावा केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने स्टीमवरील खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अपिलात तो फिरला. खेळ म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर नव्हे. त्यात चित्रे, संगीत, कथा आहे. ती संकीर्ण कलाकृती असल्याने सॉफ्टवेअरचा नियम तिला लागत नाही, असे कारण देण्यात आले. यातील उपरोध लक्षणीय आहे. खेळांना कलेचा दर्जा मिळावा म्हणून त्यांचे चाहते वर्षानुवर्षे भांडत आले. तो दर्जा न्यायालयाने दिला, आणि त्याच दर्जापोटी ग्राहकाचा हक्क गेला.

भारतात या प्रश्नाचे दोन उत्तरे एकाच वेळी नांदत आहेत. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या खटल्यात, परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेली रक्कम लेखाधिकाराचे मानधन नव्हे, परवाना हे नाव असले तरी व्यवहार मालाच्या विक्रीचाच आहे, असे ठरविले. तो खटला आयकराचा होता, खेळांचा नव्हे. पण नावापेक्षा व्यवहाराचे स्वरूप पाहावे ही त्यातील दृष्टी येथे लागू पडण्यासारखी आहे. उलट २०१७ च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्यात इंटरनेटवरून परदेशी विक्रेत्याने पुरविलेले सॉफ्टवेअर व तत्सम अमूर्त सामग्री ‘सेवा’ या सदरात पडते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने घडविलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये संगणकासाठी स्टीम, गॉग व एपिक अशा तिन्ही ठिकाणी विक्रीस आला. पुण्यात बनलेली एकच वस्तू पुण्यातील ग्राहकाने तीन दुकानांतून घेतली तर त्याच्या हाती येणारा ताबा मात्र एकसारखा राहत नाही. स्टीमने २०१५ मध्ये रुपयांत व्यवहार सुरू केला. तथापि त्याच्या दर्शनी भागासाठी उपलब्ध असलेल्या सुमारे तीस भाषांत २०२४ च्या अखेरपर्यंत एकही भारतीय भाषा नव्हती. आपण ज्या करारावर संमतीची खूण करतो तो आपल्या भाषेत वाचण्याची सोय नसणे, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विभागाने तरी गौण मानू नये.

या शब्दांचा कस ‘द क्रू’ या खेळाने लागला. युबिसॉफ्टचा हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये निघाला. एकट्याने खेळतानाही तो संस्थेच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्राहकांच्या खात्यांतून परवानेही काढून घेण्यात आले. त्यामुळे खोक्यातील तबकडी बाळगून असलेल्यासही काही उपयोग उरला नाही. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय नागरिकांच्या तिच्या अर्जावरील सह्या दहा लाखांवर गेल्या. तिची मागणी मालकीची नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. विकलेला खेळ, संस्थेने पाठिंबा काढल्यावरही, चालू राहील अशा स्थितीत सोडावा, एवढेच ती मागते. म्हणजे मागणी ताब्याची आहे.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील वर सांगितलेला अपवाद हीच रेषा ओढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, कायदा लागू होण्यापूर्वीच, स्टीमने पैसे भरावयाच्या पानावर, या खरेदीने परवाना मिळतो, अशा अर्थाची एक ओळ घातली. गॉगने त्याच महिन्यात, आमच्या फाइली कोणी तुमच्यापासून काढून घेऊ शकत नाही, असे जाहीर केले, आणि नोव्हेंबरमध्ये शंभर जुने खेळ नव्या संगणकांवर चालते ठेवण्याची जबाबदारी घेणारा जतन-उपक्रम सुरू केला. स्टीमच्या बटणांवरील क्रियापद त्या ओळीनंतरही बदललेले नाही. तिची भर केवळ पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर पडली आहे.